हिमातला टायगर

फोटो स्टुडिओवाल्या भाग्येशदादाने माऊसने पडद्यावरची बारीकशी खूण उजवीकडे सरकवली आणि मी दिसेनाशी होऊ लागले. आधी कपाळावरचा कांजिण्यांचा खड्डा गेला. मग डाव्या गालावरचा तीळ फिका होत होत बुडाला. हनुवटीखालची सावली गेली आणि तिच्याबरोबर हनुवटीही गेली. गळ्यातली सोन्याची चेन चांदीची झाली, मागचा लाल पडदा गुलाबी झाला. "आते कशी दिखस?" त्याने आईला विचारलं. स्टुडिओतल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आई पुढे वाकली होती. "बरी दिखस," ती म्हणाली, "जराखी अजून." "अजून करं ते भूत दिखी, मावशी." दोघं हसले. मी चेहऱ्याकडे बघतच नव्हते. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा आलेख होता, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि मधे फोटोतला सगळा उजेड टेकडीसारखा साचलेला. खूण सरकली तशी माझी टेकडी उजवीकडे ढकलली गेली आणि तिथल्या भिंतीला धडकून एका उभ्या रेषेत चेंगरली. त्या रेषेत माझा गाल होता, तीळ होता, खड्डा होता. तिथे गेलेलं परत आणता येत नाही, हे मला माहीत होतं. मला जे वाटलं ते खरं सांगायचं तर दुःख नव्हतं. एखादं गणित चुकीच्या पद्धतीने सोडवलेलं दिसावं आणि आपल्याला बरोबर पद्धत येत असावी, तसं काहीतरी होतं ते. हाताला खाज सुटावी तसं.

तीच खाज आता बोटांत आहे. मी सातपुड्यातल्या डाब गावी एका खोलगट शेतात पोटावर पडले आहे. खाली मैत्रिणीच्या वडिलांनी, जान्याकाकांनी दिलेलं पोतं, समोर कापून गेलेल्या नागलीचे खुंट आणि त्यावर हिम. सूर्य अजून डोंगराआड आहे, पण आभाळ उजळलं आहे आणि सगळं शेत दुधात बुडवून काढल्यासारखं उभं आहे. नंदुरबारला पेपरात दर वर्षी एकदा वाचायचो, सातपुड्यात दवबिंदू गोठले. मला वाटायचं, दवबिंदू गोठतात म्हणजे काचेचे मणी होत असतील. मणी नाहीत. सुया आहेत. गवताच्या प्रत्येक पात्याच्या कडेला पांढऱ्या सुया फुटल्या आहेत, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, जणू पात्याला रात्रीतून पीस आलं. हे पाणी थेंब होऊन मग गोठलेलं नाही, वाफेचं सरळ बर्फ झालेलं आहे. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्याचे गुणही मिळाले होते. पण नाकासमोर एवढ्या जवळून बघताना मला ते पहिल्यांदा खरं वाटलं, आणि मी तोंडावर हात धरला, कारण माझ्या श्वासाने समोरच्या सुया वितळत होत्या.

आणि कुत्रा कुठेच नव्हता.

ज्या कुत्र्यासाठी मी आले त्याचं नाव टायगर. तो सीमाचा. सीमा लोणखेड्याच्या कॉलेजात माझ्याबरोबर बी.एस्सी.ला होती, प्रयोगशाळेत आम्ही जोडीदार होतो. ती पहिल्या वर्षी म्हणाली होती की आमच्याकडे बर्फ पडतं, तेव्हा मागच्या बाकावरचा योगेंद्र म्हणाला, "हो, आमच्याकडे पण पडतं, रसवंतीत." सीमाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. गेल्या आठवड्यात, स्टुडिओतून आलो त्याच संध्याकाळी, तिने मोलगीच्या बाजाराला आल्यावर मोबाईलवर फोटो पाठवला. त्यात पेंढ्याचा ढीग, ढिगावर हिम, आणि कोपऱ्यात एक भोक. भोकाला दोन कान होते. मी विचारलं, हे काय आहे? तिने लिहिलं, टायगर. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. डोळे नाहीत, नाक नाही, केस नाहीत. कुत्र्याच्या आकाराची रात्र कुणी कात्रीने कापून तिथे चिकटवली होती. आणि मी पलंगावर उठून बसले, कारण त्या क्षणी मला माझा प्रयोग सापडला होता.

प्रयोगाची गरज का होती तेही सांगायला हवं. स्टुडिओतला तो फोटो सुरतला जायचा होता, एका घरी, जिथला मुलगा आमच्या ओळखीतल्यांच्या ओळखीतला होता. मला मुलाबद्दल काही राग नव्हता. त्याने एकदा फोनवर विचारलं होतं की तुला एम.एस्सी. करायचं आहे का, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं होतं. म्हणूनच मला तो फोटो जायला नको होता. "हाई मी नही शे," मी घरी येऊन आईला म्हटलं. "तूच शे," ती म्हणाली, "फक्त उजेड जास्ती शे." "त्या येतीन अन् मी दार उघडसू, तवय काय सांगशी त्यास्ले? उजेड गया?" वडील, म्हणजे आमचे चुडामण आप्पा, पेपराआडून हसले आणि आईने बघताच पुन्हा पेपरात गेले. आई माझ्या शेजारी बसली. तिच्या हाताला मिरचीचा लाल रंग होता, हंगामात तो धुऊन जात नाही. आमची मिरचीची पथारी आहे. बाजार समितीतून ओली लाल मिरची आणायची, मोकळ्या मैदानावर पसरायची, वाळवायची, देठ खुडायचे. आई रोज तिथे उभी असते. ती शांतपणे म्हणाली, "फोटोमा काळं काळंच येस, बेटा. डागसारखं दिखस. लोकं फोटोच देखतस पहिले. मी काय करू?" "येस नही तसं. काढनारले काढता येत नही." "मंग दखाड," आई म्हणाली. "काळी वस्तू फोटोमा बठ्ठी दिखस, असं माले दखाड. मंग तू सांगशी तोच फोटो धाडसूत. ऐतवारलगून." बठ्ठी, म्हणजे अख्खी, आणि रविवारच्या आत.

पदार्थविज्ञानात एखादं म्हणणं तपासायचं तर आधी टोकाची स्थिती घेतात. उतार उभा केला तर काय होईल, घर्षण शून्य केलं तर काय होईल. टोकाला टिकलं तर मधे टिकतंच. जगातली सर्वांत काळी वस्तू घ्या, सर्वांत पांढऱ्या जागी ठेवा आणि तिचा केस न केस दाखवा. तसं झालं तर माझा चेहरा हे अगदीच सोपं उदाहरण. मी हे सगळं आईला समजावलं. "कुत्रा?" "हां." "तुन्हासाठे कुत्राना फोटो?" "प्रयोग शे, आई." "लोकं इचारतीन ते प्रयोग नको सांगू," ती म्हणाली आणि उठली. पण निघताना, पहाटेच्या अंधारात, तिनेच कॅमेरा एका सुती फडक्यात गुंडाळून दिला. कॅमेरा भाग्येशदादाचा, जुना पण चांगला. "कुत्रानी चाव्वा ते मन्हा कॅमेरा पहिले वाचाड," एवढंच तो म्हणाला होता.

मला टोकाच्या स्थितीचं एवढं का पडलं होतं, याचं आणखी एक कारण आहे आणि ते आमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर आहे. आईच्या आईचा, फुलवंताबाईंचा फोटो. तिचा असा तो एकच. कुणाच्या तरी लग्नात, भर दुपारी, चुना लावलेल्या भिंतीसमोर तिला उभं केलं आहे. भिंत लख्ख आली आहे. लुगड्याच्या काठाचा एकेक धागा आला आहे. नथ आली आहे. आणि नथीच्या मागे जिथे तोंड असायला हवं तिथे एक काळा लंबगोल आहे. आई अगदी लहान असताना ती गेली. दर वर्षी तिथीला आई त्या लंबगोलाला हार घालते. लहानपणी मी दुपारी सगळे झोपले की खुर्चीवर चढून फोटोवर टॉर्च मारायचे. मला वाटायचं की आत आजी आहे, फक्त अंधारात उभी आहे. एकदा टॉर्चचे सेल नवे होते आणि मला नाकाची कड दिसल्यासारखी झाली, मी ओरडतच आईला उठवलं, आणि ती धावत आली, झोपेतले केस तसेच, आणि बघत राहिली, आणि म्हणाली की काच चमकतेय. कॉलेजात गेल्यावर मी तो फोटो भाग्येशदादाकडून स्कॅन करून आणला आणि तीच खूण उजवीकडे सरकवली. काळ्याचं राखाडी झालं. राखाडीत धुकं निघालं, दाणे निघाले, नाक निघालं नाही. तेव्हा मला कळलं की जो उजेड त्या दुपारी धरला गेला नाही तो कुठेच नाही. नंतर टॉर्च मारून उपयोग नसतो. धरायचं तर समोर माणूस उभं असतानाच धरावं लागतं.

काल संध्याकाळी मोलगीहून जीपने इथे पोचले तेव्हा टायगर अंगणात बसला होता. मी त्याला बघून इतकी खूश झाले की सीमाला मिठी मारायची राहिली. तो काळा होता म्हणजे किती काळा होता. छातीवर पांढरा ठिपका नाही, पंजे तपकिरी नाहीत, जबड्याची आतली कडसुद्धा काळी. "अशी बघू नकोस त्याच्याकडे," सीमा म्हणाली, "त्याला वाटेल तू त्याला बघायला आलीस. चहा करायला लावशील." तिची आई दिवलीबाई चुलीपुढून काहीतरी म्हणाली आणि स्वतःच हसली. सीमाने सांगितलं, "आई म्हणते, तुमच्याकडे काळे कुत्रे संपले का?" मी म्हटलं, "काकी, कुत्रे आहेत, बर्फ नाही." यावर जान्याकाका म्हणाले, "बर्फ घेऊन जा." ते गंमत करत नव्हते. त्यांनी स्ट्रॉबेरी लावली आहे, आणि ज्या रात्रीची मी वाट बघत आले होते त्या रात्रीची त्यांना धास्ती होती. ते वाफ्यांवर पेंढा पसरायला निघाले तेव्हा मीही गेले, आणि पेंढा टाकता टाकता आभाळाकडे बघत राहिले. एकही ढग नव्हता. वारा नव्हता. जमीन आपली ऊब उघड्या आभाळाला देऊन टाकणार, गार हवा जड होऊन उतारावरून या खोलगटात येऊन साचणार. मला हे सगळं घडताना जवळजवळ ऐकू येत होतं. पेंढा नीट टाकला पाहिजे, असं मी स्वतःला सांगत होते, आणि मनात मात्र पड, पड, असं म्हणत होते, आणि या दोन्हीची एकदमच लाज वाटत होती.

पडलं. पहाटे सीमाने दार उघडलं आणि नुसती बाजूला झाली, मला आधी बघता यावं म्हणून.

माझी तयारी पक्की होती. बॅटरी रात्रभर कुशीत ठेवली होती. लेन्सवर वाफ धरू नये म्हणून कॅमेरा घरात न ठेवता ओसरीच्या गारव्यात ठेवला होता, फडक्यात तसाच. उजेडाचा हिशेब पाठ होता. कॅमेऱ्याला वाटतं की जग सरासरी राखाडी आहे. पांढरं शेत दाखवलं की तो घाबरतो, म्हणतो फार उजेड आहे, आणि सगळं मंद करतो. हिम मळकं होतं आणि कुत्र्याचं भोक होतं. म्हणून त्याचं ऐकायचं नाही, त्याने सांगितलं त्याहून जास्त उजेड आत घ्यायचा, हिम आलेखाच्या उजव्या भिंतीला टेकणार नाही इतपतच. आणि उन्हात काढायचा नाही. ऊन पांढऱ्याला आणखी पांढरं करतं. सूर्य यायच्या आधी सगळ्या आभाळाचा मऊ उजेड असतो, तो काळ्या केसांवर तेलासारखा पसरतो. काळं म्हणजे उजेड नसणं, असं आपण म्हणतो. ते खरं नाही. काळं थोडा उजेड परत देतं, अगदी थोडा, पण देतं. तो घ्यायला थांबावं लागतं इतकंच. हे सगळं मला येत होतं. वेळ मात्र थोडा होता, ऊन आलं की सुया गेल्या.

सीमाने टायगरला शेतात आणलं. मी पोत्यावर बसून फडकं सोडलं, कॅमेरा बाहेर काढला, आणि टायगर शेपटी हलवत माझ्याकडे आला. दोन पावलांवर थांबला. नाक वर केलं. त्याच्या तोंडावर असा भाव आला की मला वाटलं तो काहीतरी बोलणार. मग तो शिंकला, मान झटकली, पुन्हा शिंकला आणि पेंढ्याच्या ढिगामागे पळून गेला.

"काय झालं त्याला?"

सीमा पोट धरून खाली बसली होती. "मिरची," ती कसंबसं म्हणाली. "अगं, तुझ्या अंगाला मिरचीचा वास येतो."

"मी आंघोळ करून आले होते."

"आंघोळीने जाते का ती? लॅबमध्ये तू शेजारी आलीस की माझं नाक चुरचुरायचं. पहिलं वर्षभर मला वाटायचं ॲसिड आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुम्हा नंदुरबारवाल्यांना येतच नाही तो वास."

मी स्वेटर नाकाला लावला. लोकरीचा वास आला, जीपच्या डिझेलचा आला. मिरचीचा आला नाही. मला एकदम चमत्कारिक वाटलं. एवढी वर्षं मी लोकांच्या आधी माझा वास पाठवत होते आणि मला पत्ता नव्हता. बाहेरगावचे पाहुणे आमच्या गल्लीत शिरताच खोकायचे आणि आम्ही म्हणायचो, यांना हवा मानवत नाही. आपण आपल्याला सगळ्यात कमी दिसतो, तसा आपला वासही आपल्याला सगळ्यात कमी येतो. हे मी वहीत लिहिण्यासारखं वाक्य होतं पण वेळ नव्हता, पूर्वेकडच्या डोंगराची कड पिवळी पडत होती. मी स्वेटर काढून लांब फेकला. सीमा धावत जाऊन दिवलीबाईंची जाड चादर घेऊन आली. तिला धुराचा वास होता, तो मला आला. दिवलीबाईही मागून आल्या, चुलीतली राख घेऊन. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि भांडी घासावीत तसे राखेने घासले. काही बोलल्या नाहीत, फक्त एकदा माझ्या बोटांकडे बघितलं, जिथे नखांच्या कडेला आईच्या हातांसारखाच लाल रंग होता, आणि मान हलवली. मग ढिगामागे बघून त्यांनी जिभेने टक् असा आवाज काढला.

टायगर आला. मी पोटावर पडले होते, कॅमेरा डोळ्याला. तो शेताच्या मधोमध उभा राहिला आणि मला वाटलं माझं हृदय पोत्याला ऐकू जाईल. कारण तो दिसत होता. भोक नव्हतं ते. पाठीवर निळसर आभाळ होतं, बरगड्यांवर केस आडवे होते, खांद्यापाशी भोवरा होता, तिथे ते गोल फिरून उलटे गेले होते. कानाच्या कडेवर हिमाचे कण. मिशांवर त्याच्याच श्वासाचं पांढरं. डोळे तपकिरी होते. कालपासून मी त्याला बघत होते आणि डोळे तपकिरी आहेत हे मला भिंगातून कळलं. मी काढला एक. काढला दुसरा. पण तो सीमाकडे बघत होता, अंग चोरून, जाऊ का जाऊ का असं विचारत. फोटोत सगळं आलं होतं आणि काहीतरी आलं नव्हतं. स्टुडिओत पडद्यासमोर बसवलेल्या माणसासारखा दिसत होता तो. भाग्येशदादा म्हणतो, हस, म्हणजे दिसशील. लहानपणापासून प्रत्येक फोटोवाला मला हेच म्हणाला आहे. आणि मी दात दाखवत आले आहे.

लेन्सवर माझा श्वास बसला होता. चादरीने पुसणार, पण चादर खरखरीत, काच खरवडेल. मी न बघताच हात मागे नेला आणि जे मऊ सुती लागलं ते घेऊन काच पुसली, आणि ते झटकून बाजूला टाकलं. ते आईचं फडकं होतं. पथारीवर ती तोंडाला बांधते ते. हंगामभर तिच्या नाकातोंडात जायची ती सगळी मिरची त्या फडक्याने अडवलेली होती, आणि मी ती हवेत झटकली होती.

हे मला त्या वेळी कळलं नाही. मला एवढंच दिसलं की डोंगराच्या खाचेतून उन्हाची पहिली तिरीप निघाली, खोलगटाच्या वरून, जमिनीला न शिवता, टायगरच्या डोक्यामागून गेली. त्याच क्षणी त्याने मान मागे घेतली. डोळे मिटले. ओठ वर गेले. सगळं अंग आखडून एका जागी गोळा झालं, आणि सुटलं. त्या शिंकेचा फवारा उन्हात पेटला. कानांवरचं हिम उडालं, मिशांवरचं उडालं, आणि काळ्या डोक्याभोवती पांढऱ्या कणांचं वलय झालं, प्रत्येक कण वेगळा. माझं बोट आधीच खाली गेलं होतं. बोटाला माझ्या आधी कळलं. टायगर पळाला, दिवलीबाई मोठ्याने हसल्या, आणि मी पडद्यावरचा आलेख बघितला. दोन टेकड्या होत्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्ही भिंतींना कुणीही टेकलेलं नव्हतं.

मी उठून उभी राहिले. "आला," मी म्हटलं. "आला, आला." सीमाला दाखवला. तिने बघितला आणि हसायची थांबली. "हा असा आहे?" ती म्हणाली. "हा रोज असा असतो?" तिने तो आईला दाखवला. दिवलीबाईंनी पडद्यावर टायगरच्या खांद्यावरच्या भोवऱ्यावर बोट ठेवलं आणि काहीतरी म्हणाल्या. पिल्लू असताना त्या त्याला तिथेच खाजवायच्या, सीमाने सांगितलं, म्हणून तिथे केस उलटे फिरले अशी त्यांची खात्री आहे. मला शास्त्रीय कारण माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. त्यांचं जास्त चांगलं होतं.

ऊन वरच्या बांधावर आलं होतं, खाली अजून सावली होती. मी कॅमेरा सीमाच्या हातात दिला. "काही बदलू नकोस. आहे तसंच. फक्त हे दाब." आणि टायगर उभा होता तिथे जाऊन उभी राहिले. त्याच्या पंजांनी हिम मोडलं होतं. अंगावर धुराच्या वासाची चादर, केस विस्कटलेले, नाक गारठून बधिर. "हसू?" मी विचारलं. "मला काय विचारतेस," सीमा म्हणाली. मी हसले नाही. खूप आनंद झाला होता पण तो चेहऱ्यावर आणायची गरज वाटली नाही, आला तर येईल. मी सरळ कॅमेऱ्याकडे बघत राहिले आणि मला जाणवलं की सगळं आभाळ माझ्या गालांवर उतरतं आहे, कपाळावर, खड्ड्यात, तिळावर, आणि मी त्यातला थोडा थोडा उजेड परत देते आहे.

जान्याकाका बांधावर येऊन थांबले होते. मी बिचकत विचारलं, "वाफे?" "पेंढा होता," ते म्हणाले. "कडेचे गेले. बाकी आहेत." मग माझ्याकडे आणि शेताकडे बघून म्हणाले, "मिळालं तुझं?" मी मान हलवली. आता हिम जायला लागलं होतं. जिथे जिथे ऊन शिवत होतं तिथे सुया एकदम काचेच्या होत होत्या, मग थेंब, मग काहीच नाही.

मोलगीला रेंज आली. मी जीपमध्ये मागे बसले होते, शेजारी बाजाराला निघालेले एक म्हातारबाबा, समोर दोन बायका आणि कोंबडी. दोन्ही फोटो मी सीमाच्या घरीच कॅमेऱ्यातून मोबाईलवर घेतले होते. ते पाठवले आणि खिडकीबाहेर बघत बसले, आणि मला एकाएकी भीती वाटायला लागली. आईने कबूल केलं नाही तर? दिसतं आहे की नाही हे आलेख सांगतो. पण आईला आलेख कुठे कळतो. फोन वाजला.

"कोना शे तो कुत्रा?"

"सीमाना."

"शिंकी ऱ्हायना का तो?"

"हां."

"कसाले? सर्दी व्हयनी का त्याले?"

"तुन्हा फडकामुळे."

पलीकडे ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिला एवढं हसताना ऐकलं. मागून पथारीवरच्या बायकांचा आवाज येत होता, कुणीतरी विचारत होतं काय झालं, आणि आई सांगत होती, मन्ही मिरची डाबले जाई उनी. मग आवाज कमी झाले. ती बाजूला गेली असावी.

"दुसरा बी दखा मी," ती म्हणाली.

"मंग?"

"तीळ दिखस."

"हां."

"तो मन्हा मायले बी व्हता म्हनतस. फोटोमा नही दिखत." मग तिने ठरवून टाकलं. "हाऊच धाडू सुरतले. तुन्हा आप्पाले सांगस मी. अन् कुत्राना फोटो मोठा करी आन, काच लायीसन. मायना बाजूले लावसूत."

"कुत्राना? मायना बाजूले?"

"मंग काय तुन्हा लावू? जित्ती शे तू," आई म्हणाली. "मायले बी देखू दे. काळामा कितलं ऱ्हास ते."

फोन ठेवला तेव्हा जीप घाटात लागली होती. मला स्वस्थ बसवेना. मी कॅमेरा पुन्हा बघावा म्हणून मांडीवर घेतला आणि आईचं फडकं सोडलं. शेजारच्या म्हातारबाबांनी नाक उचललं, डोळे मिटले आणि जोरात शिंकले. मग समोरची बाई शिंकली. ड्रायव्हरने काच खाली केली आणि आरशातून मागे बघितलं.

"नंदुरबारचं कोण आहे?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हटलं.